दिवसाला एक गोड

शैलूताईचं वजन बहात्तर किलो होतं, ही गोष्ट झाशीतल्या झाडून सगळ्या मराठी घरांना माहीत होती. घरं तरी किती, बोटावर मोजण्याइतकी. पण बातमी पसरायला तेवढी पुरतात. हा सगळा आमच्या नानांचा पराक्रम. नाना रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हेडक्लार्क. "घरात काटा कशाला आणायचा, ऑफिसात एवढा मोठा पडलाय," असं म्हणून ते दर रविवारी सकाळी ताईला आणि तिच्या मागे शेपटासारखी मला घेऊन ऑफिसात जायचे. पेरूच्या करंड्या, सायकली, गोणपाटात शिवलेले गठ्ठे, आणि त्यांच्यामध्ये त्या लोखंडी काट्यावर चपला काढून उभी असलेली माझी तेवीस वर्षांची बहीण. तिथला तोलणारा माणूस भला. तो मान वळवून भिंतीकडे बघत उभा राहायचा. नानांना मात्र त्यात काही वावगं दिसत नसे. ते खड्या आवाजात पुकारायचे, "बहात्तर!" जणू भोपाळचं पार्सलच निघालंय. सोमवारपर्यंत तो आकडा हळदीकुंकवासारखा घरोघरी पोचलेला असे.

आम्ही खंडेराव गेटाच्या आत राहायचो. वर दोन खोल्या, पुढे गच्ची, आणि गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याखाली स्वयंपाकघर. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली माणूस भाजून निघायचा. जिन्याच्या खाली रस्ता सुरू व्हायचा आणि रस्त्याबरोबर हिंदी. वर चढून आलं की मराठी, तीही आमची, अर्धी जुनीपुराणी आणि अर्धी बुंदेलीत बुडवलेली. आई कपाटाला फडताळ म्हणायची आणि त्याच वाक्यात भाजीवाल्याला "भैया, ठीक लगाओ" म्हणून ओरडायची. सकाळ व्हायची ती तिच्या खलबत्त्याच्या आवाजाने. नानांचा खाकरा, खालच्या हलवायाच्या कढईवर झाऱ्याचे टोले, आणि ताईचं गुणगुणणं. ताई सदा गुणगुणायची. आवाज बेताचाच होता, पण तो थांबला की घरात काहीतरी बिघडलंय असं वाटायचं.

आणि गोड! आमच्या घरात गोडाशिवाय ताट पुरं होत नसे. पुरणपोळी काही फक्त होळीची नव्हे. कुणी पास झालं, कुणाचा ताप उतरला, ग्वाल्हेरहून मामा आला, नाही आला, सगळ्याला गोड. मामा आला नाही तर त्याच्यासाठी केलेलं आम्हीच खायचं. बरुआसागरच्या बाजारातून नाना पिशवीभर आलं आणायचे, की ताई त्याच्या वड्या थापायची. तिच्या हाताला चव होती. मोदकाच्या पाऱ्या ती अशी काढायची की आई, जी कुणाला चांगलं म्हणायची नाही, तीही गप्प बसायची. ताई खायचीही मन लावून. गोरी, गोल, खळी पडणारी. हसली की तिचे खांदेही हसायचे. त्या वजनाचं तिला स्वतःला काही वाटत नव्हतं. नानांनी आकडा पुकारला की ती म्हणायची, "नाना, नाजूक माल, सांभाळून उतरवा." तिला ते वाटायला लागलं दिलीप आल्यावर.

दिलीप नाशकाकडचा. गावाबाहेरच्या कारखान्यात इंजिनियर, तिथल्याच कॉलनीत एकटा राहायचा. मराठी माणसांच्या गणपतीत आरतीला आला आणि प्रसादाला ताईने केलेला मोदक खाऊन तिथेच बसकण मारली. "हे कुणी केलेत?" असं त्याने तीन जणांना विचारलं. नानांनी त्याला रविवारी जेवायला बोलावलं आणि मग तो दर रविवारी यायला लागला. उंच, सावळा, किंचित वाकून चालणारा. आमच्या भाषेची त्याला भारी गंमत. "तुम्ही अजून फडताळ म्हणता? माझी पणजी म्हणायची!" मग ताई मुद्दाम एकेक जुना शब्द काढून त्याच्यापुढे वाढायची. मी चौदा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. तो आला की ताई पोळ्या करताना गुणगुणायची ती दोन सुरांनी वर, आणि तो वाढायला कोण येतंय ते न बघताच ओळखायचा. नानांनी एक दिवस सरळ विचारलं. तो म्हणाला, "माझी तर इच्छा आहेच. आईला एकदा बोलावतो."

दिवाळीत त्याची आई आली. काकू म्हणायचो आम्ही त्यांना. बारीक, ताठ, पांढरं लुगडं, बोलणं मोजकं. बाई वाईट नव्हती, हे मला आज सांगितलं पाहिजे, कारण पुढची कितीतरी वर्षं मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत. त्यांनी ताईच्या हातचं सगळं खाल्लं, तिला जवळ बसवलं, केसांवरून हात फिरवला. मग जाताना जिन्याच्या तोंडाशी आईला म्हणाल्या, "मुलगी गुणाची आहे हो. पण अंगाने जरा… आत्ता हे असं, मग दोन बाळंतपणांनंतर काय? पंधरा किलो कमी होऊ दे, चैत्रात येते. मग तोंड गोडच करून जाईन." ताई दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं रडेल. पण ती मला म्हणाली, "विजू, चैत्राला अजून पाच महिने आहेत ना ग?"

झालं! आईने दुसऱ्या दिवसापासून गोड बंद केलं. बंद म्हणजे कडकडीत. साखरेचा डबा फडताळात, फडताळाला कुलूप, किल्ली आईच्या कनवटीला. चहा बिनसाखरेचा, भात बंद, तूप बंद, एकादशी असल्यासारखी रोजची ताटली. ताईने तोंडातून ब्र काढला नाही. वीस दिवस काढले. तिचं गुणगुणणं मात्र बंद पडलं. एकदा दुपारी आई खाली गेलेली, मी शाळेतून लवकर आले, तर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ताई बसली होती. मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा, तोही आमचा नव्हे, शेजारच्या चाचींचा. आमच्याकडे ठेवायला दिला होता, त्यांच्या लेकीकडे पाठवायचा म्हणून. ती एकामागून एक लाडू तोंडात कोंबत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चव घेत नव्हती, नुसती गिळत होती. मला बघून म्हणाली, "थांबताच येत नाही ग विजू, मी काय करू?" तेरा लाडू होते. मी राहिलेले दोन तिच्या हातातून काढून घेतले आणि तिच्याबरोबर रडत बसले. चाचींना आम्ही मुंग्या लागल्या असं सांगितलं.

मग मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या मूळच्या चिरगाँवच्या, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना. आवाज असा की बाहेर बसलेल्यांचाही ताप उतरावा. ताईने मान खाली घालून सगळं सांगितलं, लाडवांसकट. बाई खो खो हसल्या. "अरे बिटिया, मीठा बंद किसने कराया? बंद करोगी तो यही होगा, छुप-छुप के पूरा डब्बा साफ." त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागल्या. दिवसातून एक गोड. जेवणानंतरच, उपाशीपोटी नाही. मापून. बसून, हळूहळू, कुणापासून न लपवता. ज्या दिवशी सणाचं मोठं गोड, त्या दिवशी भात आणि बटाटा नाही. डाळ आणि पालेभाजी भरपूर. सकाळी तासभर चालणं. "और वजन हर हफ्ते नहीं, महीने में एक बार. तुम्हारे बाबूजी से कह देना, लड़की है, पार्सल नहीं." कागदावर त्यांचं नाव छापलेलं, वर ताईचं नाव, वय, वजन, आणि खाली ठळक अक्षरात: मीठा, दिन में एक बार, नाप के.

माझी सून बंगळुरात असते. तिच्या मोबाईलमध्ये एक बाई आहे, ती तिला काय खायचं ते सांगते. परवा सून मोठ्या कौतुकाने मला म्हणाली, "आई, आता नवीन पद्धत आहे, गोड पूर्ण सोडायचं नाही, रोज थोडंसं बसवायचं." मी म्हटलं, हो का? बरं बाई. काय सांगणार! आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं, आणि ते आमच्या फडताळाच्या दाराला आतून खळीने चिकटवलेलं होतं.

त्या कागदाची राखणदार मी. गणितात माझा वर्गात पहिला नंबर होता आणि मी अगदी शेफारलेली होते. डॉक्टरीणबाईंच्या कागदाखाली मी माझा कागद जोडला, चौकटी आखल्या, आणि रोजच्या गोडापुढे खूण करायला लागले. ताईने आल्याच्या वड्या एवढ्याशा पाडायला सुरुवात केली, चिकूच्या बीएवढ्या. पुरणपोळी केली तर तिला चतकोर, दुधाबरोबर. श्रीखंड एक चमचा, पण तो चमचा ती दहा मिनिटं पुरवायची. तिळगुळाचे लाडू सुपारीएवढे वळले. होळीला शेजारून गुजिया, म्हणजे खव्याच्या करंज्या, आल्या, तिने एक घेतली आणि भाताला हात लावला नाही. गंमत अशी की एक मिळणार हे माहीत असल्यावर तिला दुसरं नकोच व्हायचं. म्हणायची, "विजू, मी इतकी वर्षं गोड खात होते, चव आत्ता कळतेय." आई आधी तणतणली, "डाएट म्हणे, आणि रोज गोड! लग्न मोडायची लक्षणं आहेत ही." पण काट्यावर अडुसष्ट आलं, मग पासष्ट, आणि आईने कनवटीची किल्ली माझ्याकडे दिली. ताईने कुठे चुकून वाटी पुढे केली की मी ठसक्यात म्हणायची, "ताई, आजचं गोड झालं तुझं." ती हसायची. आमचा खेळच झाला होता तो.

पहाटेला आम्ही दोघी किल्ल्याच्या रस्त्याने चालायला जायचो. थंडीत तोंडातून वाफा, हातमोजे नानांचे, कुत्री मागे. ताई भरभर चालायची आणि भरभर बोलायची. नाशकात त्यांच्या घरामागे पेरूचं झाड आहे. दिलीपला वांगं आवडत नाही, पण माझ्या हातचं खातो. मराठी नाटकं बघायला मिळतील ग विजू, तिकीट काढून! मी विचारलं, "तू त्याला सांगितलंस का, डॉक्टरीणबाईंचं?" तर लाजली. "पुरुषमाणसाला काय सांगायचं, मी किती खाते ते? त्याला वाटू दे, आपोआपच बारीक होतेय." आम्ही किती हसलो होतो त्यावर. त्याला काहीच माहीत नव्हतं, ही गोष्ट पुढे आमच्या विरुद्ध जाणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक!

चैत्र आला तेव्हा ताई एकसष्ट किलोची झाली होती. पंधरा नाही, अकरा. पण बघणाऱ्याला ती वेगळीच मुलगी वाटावी अशी. काकूंनी कळवलं, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवशीच येते. आईने गौर मांडली, कलिंगडाची कमळं कापली, आंब्याची डाळ वाटली, हंडाभर पन्हं केलं. ताईच्या पोटात सकाळपासून काही गेलं नव्हतं, घाबरून. अकराच्या सुमाराला पत्र्याखाली ती भोवळ येऊन बसली. मी तिला बळेच दोन घास भरवले आणि वर अर्धा पेला पन्हं पाजलं. मग कागदावर रीतसर खूण केली. त्या दिवशीची ती खूण मला अजून दिसते, जरा तिरकी झालेली.

काकू दुपारनंतर आल्या, दिलीप बरोबर. बायका भरल्या होत्या. ताईने मोतिया रंगाची साडी नेसली होती, आणि ती चहा घेऊन आली तेव्हा काकू चक्क उठून उभ्या राहिल्या. "अग बाई! ही तीच का?" दिलीप खाली बघून हसत होता. नानांना तर काय करू आणि काय नको झालेलं. काकूंनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. "मी बोलले होते, तोंड गोड करून जाईन." आमच्याकडे ही पद्धत, मुलाच्या आईने आपल्या हाताने मुलीच्या तोंडात गोड घातलं की ठरलं. मग साखरपुडा वगैरे सगळा नुसता उपचार. ताई वाकली, नमस्कार केला, मान वर करून तोंड उघडलं. काकूंचा हात पेढा घेऊन पुढे आला.

आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, "ताई, आजचं गोड झालं तुझं!"

गंमत म्हणून म्हटलं हो. रोज म्हणायची तेच. सगळ्या बायका हसल्या, ताईही हसली, आणि हसताना तिचं तोंड मिटलं. काकू पण हसल्या. "म्हणजे काय ग बाळ?"

इथे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण पाच महिने मी केवढी हुशारी केली होती आणि कुणी विचारलं नव्हतं! मी धावत गेले, फडताळाच्या दारावरून कागद सोडवला, दोन्ही कागद, आणि काकूंच्या पुढे धरला. "हे बघा. ताईचा कागद. रोजचं गोड मी मोजून देते. एकही दिवस चुकला नाही."

काकूंनी चष्मा लावला. वाचलं. डॉक्टरीणबाईंचं छापलेलं नाव, ताईचं नाव, वय. मीठा, दिन में एक बार, नाप के. खाली माझ्या खुणांच्या ओळीच्या ओळी. त्यांच्या दुसऱ्या हातातला पेढा त्यांनी हळूच पुड्यात परत ठेवला. मला वाटलं, वाचायला अडचण होते म्हणून.

"हिला शुगर आहे?" त्यांनी विचारलं.

"छे छे," नाना म्हणाले, "वजनासाठी हो ते! वजन उतरवायचं म्हणून डॉक्टरांनी…"

"वजनासाठी गोड बंद करतात, नाना. डॉक्टर कुणाला वजनासाठी रोज गोड खायला लिहून देतात का? मोजून देतात ते आजाऱ्याला." त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं असाच कागद होता. अशाच खुणा करायची मी. आधी त्यांची बोटं गेली, मग डोळे, मग ते गेले. मला शिकवू नका."

 आई म्हणाली, "शपथ घेऊन सांगते." काकू म्हणाल्या, "मग मुलाला का नाही सांगितलं?" त्यांनी दिलीपकडे बघितलं. दिलीपने ताईकडे. "शैला, तू मला कधी बोलली नाहीस."  ताई काय सांगणार होती भर बायकांत, की मी चोरून तेरा लाडवांचा डबा घेऊन बसले होते? काकूंनी गौरीला हात जोडले, आईच्या हातून प्रसाद घेतला, रीत मोडली नाही. पन्ह्याचा पेला मात्र भरलेलाच राहिला. पेढ्यांचा पुडा त्या घेऊन गेल्या की आमच्याकडेच ठेवला, हे मला काही केल्या आठवत नाही.

सगळ्या बायका गेल्यावर आईने मला मारलं. "जिभेला हाड नाही कार्टीच्या!" नाना मध्ये पडले. "लहान आहे ग ती." ताई म्हणाली, "तिला मारू नको, तिने काय खोटं सांगितलं?" तेवढंच म्हणाली आणि गौरीपुढची कलिंगडाची कमळं उचलायला लागली.

नानांनी हार मानली नाही. चौथ्या दिवशी ताईचं रक्त तपासून आणलं, उपाशीपोटी आणि जेवल्यावर, दोन्ही. अगदी स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली. ते सगळं घेऊन नाना उन्हातून कॉलनीत गेले. काकू नाशकाला परतल्या होत्या. दिलीपने कागद वाचले, म्हणाला, "मला पटलंय, मी आईला लिहितो." नानांनी घरी येऊन टोपी काढली आणि आम्ही सगळे आठ दिवस जिन्याकडे कान लावून बसलो. ताईने त्या आठ दिवसांत पत्र्याखालची सगळी भांडी दोनदा घासली.

रविवारी तो आला. जेवायला बसला नाही. नाना आत गेले, आईला घेऊन गेले. मी दाराआड. तो म्हणाला, "नाशकाला जाऊन आईला मी दाखवलं सगळं. ती म्हणते, आज नसेल, उद्या निघेल. ती रात्रंदिवस रडते, शैला. बाबांचे पाय ती धुवायची. तिला मी दुसऱ्यांदा त्यातून नेऊ शकत नाही."

"मला काही नाही झालेलं," ताई म्हणाली.

"माहीत आहे मला."

"माहीत आहे ना?"

"हो."

"मग?"

 तो भला माणूस होता, आणि भित्रा. असल्या माणसाने कुणाचं वाटोळं केलं की त्याला धड शिवीही देता येत नाही. ताईने त्याला पाणी आणून दिलं. तो ते उभ्याउभ्या प्यायला आणि गेला. दोन महिन्यांनी त्याने बदली मागून घेतली, असं कॉलनीतल्या कुणीतरी नानांना सांगितलं.

मग ती बातमी निघाली. बहात्तर किलोची बातमी झाशीपुरती होती; ही ग्वाल्हेर, सागर, इंदूर करत फिरली. खंडेराव गेटाजवळच्या शैलाला शुगर आहे, घरच्यांनी लपवलं होतं. पुढे दोन स्थळं आली, दोघांनी आधी तेच विचारलं. नाना तपासणीचे कागद दाखवायचे, आणि कागद दाखवावे लागतात म्हणजे काहीतरी असणारच, असं लोक धरून चालायचे. तिसऱ्यांदा ताईने नानांच्या हातातून ते कागद काढून घेतले. "बस्स झालं नाना." ती शाळेत शिकवायला लागली, हिंदी शाळेत, चौथीच्या पोरांना. पोरं तिला दीदीजी म्हणायची. नाना गेले, आई गेली. ती त्याच दोन खोल्यांत राहिली. माझं लग्न विनासायास झालं, इथल्याच मुलाशी. लग्नात मी ताईपेक्षा जाड होते. मला कुणी वजन विचारलं नाही.

आणि देवाची करणी बघा, शुगर निघाली मला. दहा वर्षं झाली, गोळ्या घेते. ताईला जन्मात निघाली नाही. मागच्या साली तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हाही सगळ्या तपासण्या केल्या, साखर अगदी नेमकी. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नाही, जे आवडतं ते खाऊ घाला. मी रोज काहीतरी करून नेत होते. खीर, शिरा, जे सुचेल ते. ती चमचाभर तोंडात घ्यायची आणि माझं मन राखायला म्हणायची, "छान झालंय." गिळवत नव्हतं तिला. एवढीशी झाली होती. मला तिच्याकडे बघवायचं नाही.

इतक्या वर्षांत तिने मला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मी अनेकदा विषय काढायचे, वाकड्या वाटेने. ती म्हणायची, "वेडी आहेस का, तू पोर होतीस," आणि उठून कामाला लागायची. मला ते ऐकायचंच असायचं. ऐकलं की वर्षभर पुरायचं. दिवाळीनंतरची दुपार होती, गच्चीत ऊन छान पडलं होतं. मी तिला खुर्चीत बसवून तिचे केस विंचरत होते. जेमतेम राहिले होते. काय मनात आलं, मी पुन्हा विचारलं. "ताई, ते सगळं माझ्यामुळे झालं ना?" आणि नेहमीच्या उत्तराची वाट बघत उभी राहिले.

 मला वाटलं, तिला झोप लागली.

"हो," ती म्हणाली. "तुझ्यामुळेच झालं."

माझा हात थांबला. तिने मान वळवली नाही.

"तू ओरडली नसतीस तर तो पेढा मी खाल्ला असता. मला खायचा होता ग विजू." मग थोडा दम घेतला. "तुला हे कधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं मी. आज नाही राहवलं. विंचर ना, थांबलीस का?"

मी विंचरायला लागले.  पंधरा दिवसांनी ती गेली.